प्रतिग्रह

दान देणे कठीण, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु ज्याने ते घेतले, त्याच्या कष्टांविषयी सहसा कोणी बोलत नाही. दान स्वीकारण्याला जुन्या जाणत्यांनी प्रतिग्रह असा वेगळा शब्द योजला, आणि तो पचवायला तपश्चर्या लागते, असेही बजावून ठेवले. देणारा दिल्या क्षणी मोकळा होतो. घेणाऱ्याला मात्र ते रोज पेलावे लागते. आणि दिलेली वस्तू देणाऱ्याच्या देहाचाच अंश असेल, तर पेलणाऱ्याच्या मनात ती हळूहळू त्याच्या स्वतःच्या प्राणाहून मोठी होऊन बसते. असे होणे हा सद्गुण म्हणावा की अपराध, याचा निवाडा करायला फार मोठा अधिकार हवा.

फिकट राखाडी कापडावर रक्ताचा थेंब पडला, तेव्हा कारागीर खुर्चीच्या पाठीमागे गुडघे टेकून बसला होता. त्याने घाईने अंगठा त्यावर दाबला. पण समोर शिवणयंत्रावर बसलेल्या माणसाचा पाय पायट्यावर थांबला.

"हे काय रे?" मशीनवाल्याने विचारले.

"खिळा टोचला."

"कालही खिळाच टोचला होता. परवाही. खिळे तुझ्यावर डूख धरून आहेत की काय?"

खुर्च्या आणि सोफे मढवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. डाव्या हाताने कापड ताणून धरायचे, उजव्या हातात हातोडी. म्हणून बारीक खिळ्यांची मूठभर रास तोंडात ठेवायची, जिभेने एकेक खिळा डोके पुढे करून ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकावर तो टिपायचा आणि लाकडात बसवायचा. कारागीर हे काम विसाव्या वर्षापासून करीत आला होता. मूत्रपिंड बदलल्यावर, जंतुसंसर्गाची भीती म्हणून डॉक्टरांनी नाना पथ्ये सांगितली. तेव्हा तोंडात खिळे धरणे त्याने सोडले नाही, पण रोज सकाळी ते पातेल्यात उकळून घेऊ लागला. सोळा वर्षांत एकही दिवस त्यात खंड पडला नव्हता. मशीनवाला त्याला म्हणे, "लोक अंडी उकडतात, तू खिळे उकड." उकळलेल्या खिळ्याने झालेली जखम निरुपद्रवी असणारच, अशी त्याची प्रथम खरोखरच समजूत होती.

"थुंक ते खिळे," मशीनवाला उठून जवळ आला. "आणि आ कर."

"काम पडलंय रे. सहा खुर्च्या उद्या द्यायच्यात."

"आ कर म्हणतो ना!"

खिळे वाटीत पडले. मशीनवाल्याने खिडकीच्या उजेडाकडे त्याची हनुवटी वळवली. जिभेच्या डाव्या कडेला, पार मागे, वाटाण्याएवढी पांढुरकी जखम होती. तिच्या कडा उचलल्या होत्या. मशीनवाल्याने हनुवटी सोडली.

"किती दिवस झाले?"

"होईल महिना."

"माझ्यापुढे थापा मारू नकोस. बावीस वर्षं एका छपराखाली काढली आपण."

कारागिराने नजर खाली वळवली. "पाच महिने."

"पाच! आणि ताईंना ठाऊक आहे हे?"

"ताईला सांगायचं नाही. तुला शपथ आहे."

"शपथ गेली खड्ड्यात. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जातोस, की आत्ताच लावू ताईंना फोन?"

ताई ही त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले; तिने शाळेत गणित शिकवून त्याला वाढवले आणि स्वतः लग्नाच्या वाटेला गेली नाही. तिशीत त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, आणि यंत्रावर रक्त शुद्ध करून घेत त्याने दीड वर्ष कसेबसे रेटले. तेव्हा तिने आपले एक मूत्रपिंड त्याला दिले. देताना म्हणाली होती, "दोनातून एक गेला, एक उरला. पहिलीतलं गणित आहे. यात रडण्यासारखं काय आहे?" शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत ती वर्गावर उभी होती.

तेव्हापासून तो दर तीन महिन्यांनी तपासणी करून घरी आला, की ती चष्म्यावरून पाहत एकच प्रश्न विचारी, "काय, माझं काय म्हणतंय?" तो म्हणे, "मजेत आहे." मग दोघेही हसत. ती थट्टा होती; परंतु सोळा वर्षे रोज पाणी घातलेल्या रोपासारखी ती त्याच्या मनात वाढत गेली होती. तो पाणी मापून पिई, मीठ मोजून खाई, उन्हात छत्री धरी, शिंकणाऱ्याच्या शेजारून उठून जाई. हे सारे तो स्वतःसाठी करीत नव्हता. तिचे काहीतरी आपल्याकडे ठेवायला दिले आहे, त्याला ओरखडा उठता कामा नये, एवढाच त्याचा हिशेब होता.

जखमेला तिसरा महिना लागला, तेव्हा ती निरुपद्रवी असल्याची त्याची समजूत डळमळली. तपासणीच्या रांगेत एक उतारवयाचा बसचालक भेटला होता. त्यालाही मुलाने मूत्रपिंड दिले होते. त्याच्या खालच्या ओठावर गाठ आली, डॉक्टरांनी मूत्रपिंड टिकवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या कमी केल्या, आणि वर्षाच्या आत मुलाचे मूत्रपिंड बंद पडले. "जीव वाचला म्हणतात," चालक भिंतीकडे पाहत बोलला होता, "पण पोरासमोर जेवायला बसवत नाही हो." त्या दिवशी आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारले, "आणखी काही त्रास?" कारागीर जीभ दातांआड दडवून म्हणाला, "काही नाही."

आता मात्र मशीनवाल्याने त्याला बखोटीला धरून नेले. जिभेचा कण काढून तपासायला गेला आणि आठवड्याने उत्तर आले. ते कर्करोगाचेच होते. ज्या डॉक्टरीणबाई सोळा वर्षे त्याच्या मूत्रपिंडावर लक्ष ठेवून होत्या, त्यांनी कागद पुढे सरकवला. शेजारी जिभेची शस्त्रक्रिया करणारे तरुण सर्जन बसले होते.

"नीट ऐका," बाई म्हणाल्या. "तुमच्या गोळ्या शरीराच्या राखणदारांना झोपवून ठेवतात. म्हणूनच बहिणीची किडनी परकी असून इतकी वर्षं टिकली. पण राखणदार झोपले की चोरही फिरकतात. अवयव बदललेल्यांत असे आजार जास्त दिसतात, ते त्यामुळेच."

"मग काय करायचं?"

"जिभेचा भाग काढावा लागेल. मानेतल्या गाठीही," सर्जन म्हणाले. "आजपासून बारा दिवसांनी तुमचा नंबर लावतो."

"आणि आज संध्याकाळपासून ही कॅप्सूल दोनऐवजी एक," बाईंनी चिठ्ठीवर अधोरेखित केले. "दुसरी गोळी पूर्ण बंद. तुमच्या राखणदारांना जरा जागं करायला हवं."

"आणि किडनी?"

बाईंनी पेन खाली ठेवले. त्यांना खोटे बोलण्याची सवय नव्हती. "टिकेल, अशी आशा करू. पण वचन देऊ शकत नाही."

त्याने चिठ्ठीची घडी केली. आणखी एक घडी केली. ती खिशात इतकी लहान होऊन गेली की जणू नव्हतीच.

गोळ्यांची वेळ आठची. सकाळी आठ, रात्री आठ. घड्याळाचा गजर व्हायच्या आधीच ताई पाण्याचा पेला आणि बशी घेऊन येई. पाकिटातून कॅप्सूल काढण्याचे काम तिने पहिल्या दिवसापासून कोणाला दिले नव्हते. त्या संध्याकाळीही तिने दोन कॅप्सूल आणि एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली.

"आज तपासणी होती ना? काय, माझं काय म्हणतंय?"

"मजेत आहे."

"मग तुझं थोबाड का सुतक्यासारखं? आणि बोलतोयस काय असा, तोंडात गोटी ठेवल्यासारखा?"

"तोंड आलंय थोडं. खिळ्यानं."

"मी मेल्यावर तरी ते खिळे सोडशील का रे, बारक्या?" ती म्हणाली आणि भात अधिक मऊ शिजवायला आत निघून गेली.

त्याने दोन्ही कॅप्सूल गिळल्या. वर ती बंद केलेली गोळीही. असा पहिला दिवस गेला, मग दुसरा. दिवसा तो दुकानात अधिक नेटाने काम करी, जणू बारा दिवसांत सगळ्या जगाच्या खुर्च्या मढवून संपवायच्या होत्या. खिळे आता तो वाटीतून एकेक उचलून घेई, त्यामुळे दुप्पट वेळ लागे. गिळताना कानापर्यंत कळ जाई. सहाव्या दिवशी दाढी करताना डाव्या जबड्याखाली बोटाला काहीतरी कठीण लागले. त्याने बोट काढून घेतले आणि उरलेली दाढी न पाहताच उरकली.

"गोळ्या कमी केल्यास ना?" मशीनवाला रोज विचारी.

"केल्या."

"ताईंना सांगितलंस?"

"सांगतो म्हटलं ना! माझ्या मानगुटीवर बसू नकोस."

"मी नाही बसलोय मानगुटीवर," मशीनवाला हळूच म्हणाला. "जे बसलंय त्याला तू खुराक घालू नकोस म्हणजे झालं."

अकराव्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंचे बोलावणे आले. शस्त्रक्रियेआधी त्याचे रक्त तपासले होते. खोलीत गेल्यावर त्यांनी बसायलाही सांगितले नाही.

"तुमच्या रक्तातलं औषधाचं प्रमाण दहा दिवसांत तसूभरही उतरलेलं नाही. मशीन चुकलं असेल म्हणून मी पुन्हा करवून घेतलं. मशीन चुकलेलं नाही."

तो उभाच होता.

"सोळा वर्षांत तुम्ही एक गोळी चुकवली नाहीत. इतरांना मी तुमचं उदाहरण देते. आणि आता?" त्यांचा आवाज चढला आणि मग एकाएकी उतरला. "मानेतली गाठ वाढलीय. माहीत आहे ना?"

"बाई, जीभ कापा. सगळी कापा. मी हूं की चूं करणार नाही. पण गोळ्यांना हात नका लावू."

"मुळाला पाणी घालायचं आणि फांदी छाटायची, असं चालत नाही. परत येईल ते." त्यांनी कागद मिटले. "घरी कोण असतं?"

"बहीण."

"जिनं किडनी दिली ती? तिला काहीच माहीत नाही?"

त्याने मान हलवली.

"उद्या सकाळी त्यांना घेऊन या. त्यांना सगळं ठाऊक असल्याशिवाय मी तुम्हाला टेबलावर जाऊ देणार नाही. नंबर दुसऱ्याला जाईल. मग पुढचा कधी मिळेल, हे मला विचारू नका."

तो पायीच घरी गेला. वाटेत तीनदा त्याने वाक्य जुळवले, आणि तीनही वेळा ते दाराशी येईपर्यंत विस्कटले. घरात ताई कोणाच्या तरी नातवाची गणिताची वही तपासत बसली होती. निवृत्त झाल्यावरही गल्लीतली मुले तिच्याकडे वह्या आणून टाकीत. साडेसात झाले. पावणेआठ झाले. तिने चष्मा काढला, पेला भरला, बशी आणली. दोन कॅप्सूल आणि ती गोळी त्याच्या तळहातावर पडली. त्याने मूठ मिटली नाही.

"काय झालं? घे की."

त्याने दुसऱ्या हाताने खिशातली घडी काढली. एक घडी उलगडली, दुसरी उलगडली, आणि चिठ्ठी वहीवर ठेवली. ताईने चष्मा पुन्हा लावला. पेपर तपासताना पाहावी तशी आधी तिने तारीख पाहिली, मग अधोरेखित ओळ, मग वरच्या कोपऱ्यात लिहिलेले आजाराचे नाव. तिथे तिचे बोट थांबले आणि बराच वेळ हलले नाही.

"अकरा दिवस," ती म्हणाली.

"ताई—"

"बोलू नकोस. मला मोजू दे. रोज दोनदा. बावीस." तिने आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "बावीस वेळा मी या हातानं तुला हे दिलं. तू घेतलंस. माझ्या हातून घेतलंस रे, बारक्या!"

तिने पेला बाजूला सारला. 

"गोळ्या कमी केल्या तर तुझं जाईल," तो जड जिभेने म्हणाला. "एकाचं गेलेलं मी पाहिलंय. सोळा वर्षं मी ते असं... असं ओंजळीत धरून... तू विचारशील, माझं काय म्हणतंय. मी काय सांगू?"

ताई खुर्चीवर टेकली. खोलीत घड्याळाचा गजर वाजू लागला. दोघांपैकी कोणी तो बंद केला नाही. तो आपोआप थांबल्यावर ती बोलली.

"ती थट्टा होती रे. तू घरात यायचास तेच मान खाली घालून. तुला हसवायला काहीतरी बोलायचे मी. आणि तू सोळा वर्षं त्याचा धाक घेऊन बसलास?" तिने डोळे पुसले नाहीत, चष्मा तेवढा पुसला. "शाळेत एकेक पोर असायचं. उत्तर चुकेल म्हणून वहीच कोरी द्यायचं. त्यांच्यावर मी कधी हात उगारला नाही, पण मला त्यांचाच राग यायचा सगळ्यात जास्त. तू माझ्या घरातच निघालास."

"मला उतराई व्हायचं नव्हतं, ताई. नुसतं सांभाळायचं होतं."

"कोणाला? ते मी कुणाला दिलं होतं? पोटातल्या एका मांसाच्या गोळ्याला घर हवं होतं म्हणून दिलं होतं का? ऐक. वजा केलेला आकडा कोणी मागे वळून शोधत नाही. मी वजाबाकी केली त्या दिवशीच वही मिटली. आणि घाबरतोस कशाला, हातचा एक आहे की अजून माझ्याकडे!"

ती हसायला गेली. हसू ओठांवर आले आणि तिथेच मोडले. मग तिने त्याच्या तळहातावरून आधी ती गोळी काढली, मग एक कॅप्सूल उचलली, फक्त एक, आणि बशीत परत ठेवली. तसे करताना तिची दोन बोटे इतकी सावकाश हलली, की आपल्या देहाचा तो भाग ती दुसऱ्यांदा देत आहे, हे त्याला पाहता पाहता कळले. या वेळी मात्र तिला भूल दिलेली नव्हती.

"घे," ती म्हणाली. "एकच. आणि उद्यापासून तो प्रश्न या घरात नाही."

त्याने एकच कॅप्सूल गिळली. घशातून ती उतरताना कळ कानापर्यंत गेली.

सकाळी दोघे डॉक्टरीणबाईंसमोर बसली. बाईंनी पुन्हा सगळे पहिल्यापासून सांगितले. ताईने सहा प्रश्न विचारले आणि सहाही उत्तरे वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली. शेवटचा प्रश्न किडनीचा होता. "किडनी वाचवायला मी जिवाचं रान करीन," त्या म्हणाल्या. "पण दोन्हीतलं एकच वाचणार असेल तर?"

"त्यात विचारायचं काय?" ताई म्हणाली. "मोठी संख्या आधी."

शस्त्रक्रिया सात तास चालली. जिभेचा डावीकडला एक तृतीयांश भाग गेला, मानेतल्या गाठी गेल्या, नंतर किरणांचे उपचार झाले. मशीनवाल्याने त्या काळात त्याच्या वाटच्या खुर्च्या स्वतःच्या बेढब हाताने मढवल्या. तीन परत आल्या. मूत्रपिंड चार महिने झुंजले. पायांवर सूज चढू लागली, तपासणीचे आकडे दर आठवड्याला चढत गेले. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, तेव्हा कारागिराने ताईकडे पाहिले नाही, ताईने मात्र त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चल, यंत्रासाठी नाव नोंदवून येऊ." बंद पडलेले ते मूत्रपिंड काढून टाकण्याची गरज नव्हती. सोळा वर्षे राबून ते त्याच्या पोटात उजव्या बाजूला निमूट पडून राहिले. मानेत मात्र तोवर काही नव्याने उगवले नव्हते.

आता आठवड्यातून तीन सकाळी तो रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राशेजारी पडून असे. उरलेल्या जिभेने पुन्हा बोलायला शिकायचे होते. शिकवणाऱ्या मुलीने सरावासाठी शब्दांची यादी दिली होती. ताईने ती एकदा वाचली आणि बाजूला ठेवली.

"केळं, माळ, बाळ! हे काय पन्नाशीला टेकलेल्या माणसाला म्हणायला लावायचं? आपण पाढे म्हणू. ते निदान कुठे तरी पोचतात."

बेचा पाढा ओठांवरच निभावला. पाच, दहा, अकरा सरले. तेराला गाडी अडली. त्याच्या घशातून शब्द निघे, पण जिभेची जिथे कड असायची तिथून हवा निसटून जाई.

"तेरा त्रिक?" ताई म्हणाली.

त्याने प्रयत्न केला. नुसताच ओला आवाज आला. पलीकडच्या खाटांवर माणसे डोळे मिटून पडली होती. यंत्रांची एकसुरी घरघर चालली होती. त्याला लाज वाटून तो भिंतीकडे वळू लागला.

"इकडे बघ. मला घाई नाही. तेरा त्रिक?"

दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा घाम आला. चौथ्या वेळी त्याने आधी लाळ गिळली, डोळे मिटले, आणि एकेक अक्षर नव्याने कोरल्यासारखे बाहेर काढले, "ए-को-ण-चा-ळी-स." ण पुरता उमटला नव्हता, ळ तर अर्ध्यावरच होता. पण ते एकोणचाळीसच होते. दुसरे काही असूच शकत नव्हते.

ताईने मान डोलावली. शाबासकी दिली नाही. वर्गातही ती पाढा संपल्याशिवाय देत नसे. पुढचे तिने विचारण्याआधीच, पलीकडच्या खाटेवरून डोळे न उघडता एक अनोळखी म्हातारा पुटपुटला, "तेरा चोक बावन्न."

"तुम्ही नका हो सांगू," ताई म्हणाली. "त्याला म्हणू द्या."

आणि तो म्हणू लागला.

ज्याने दिले त्याचे मन असेच रिते आणि प्रसन्न राहो. ज्याने घेतले त्याला ते ओझे न वाटो. आणि जे सोळा वर्षे राबून आता निमूट निजले आहे, त्यालाही विसावा लाभो.